तीन कोटांचा हिशेब

"ये, ये! आणलेस ना शेवटी पेढे?"

नंदू साटमने गल्ल्यावरूनच हाक मारली. दुकानाच्या पायरीशी प्रीतम घुटमळत उभा होता, आणि तो चांगला वर्षभराने दिसत होता.

भांडुपला नंदूचं ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान होतं. शाळेच्या गॅदरिंगला गाजर आणि लोकमान्य, लग्नाला शेरवानी, आणि बाकी वर्षभर इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांसाठी कोट. दिवसाला दीडशे रुपये, कॉलरच्या आत नंबर शिवलेला. नोकरी लागली की पोरांनी पेढे आणून द्यायचे, असा रिवाज कुणी न पाडता पडून गेला होता. नंदूला शुगर होती, तरी प्रत्येकाच्या बॉक्समधला एक पेढा तो खायचाच. पोराची पहिली नोकरी, तिथे नाही कसं म्हणायचं? रत्नप्रभाला, म्हणजे बायकोला, तो अर्धाच खाल्ला असं सांगायचा.

"पेढे कुठले काका," प्रीतम म्हणाला. "कोट पाहिजे. उद्या इंटरव्ह्यू आहे."

नंदूचा रजिस्टरकडे गेलेला हात तिथेच थांबला.

याच रजिस्टरवर त्याचा अख्खा रविवार गेला होता. त्याची एकुलती एक लेक दिशा बारावी झाली होती आणि हायवेलगतच्या एका खासगी कॉलेजात तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सीट मिळत होती. चार वर्षांचे मिळून दहा लाख. पहिला हप्ता उद्या संध्याकाळी पाचच्या आत. दुसरीकडे मुलुंडच्या एका जुन्या कॉलेजात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. तिथली वर्षाची फी लग्नाच्या सीझनला दोन दिवसांत सुटली असती. पण दिशाचा जीव हायवेवरच्या कॉलेजात अडकला होता.

दहा लाख उभे करायचे तर एकच वाट होती. शेजारचा मोबाईलवाला दोन वर्षं नंदूच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग मागत होता. तो देऊन टाकायचा. पण दहा लाख घातले तर पुढे पोरीच्या हातात किती पडतील, हे सांगणार कोण? कॉलेजच्या पुस्तिकेत हसऱ्या पोरांचे फोटो होते आणि त्यांच्याखाली लाखांतले पगार. अशा पुस्तिकेवर विश्वास ठेवायला नंदू काल भांडुपला आला नव्हता. त्याचा विश्वास स्वतःच्या रजिस्टरवर होता. कोट नेणाऱ्याच्या आयकार्डाची झेरॉक्स तो घ्यायचा, त्यामुळे प्रत्येक नावापुढे कॉलेज लिहिलेलं होतं.

त्याने हायवेच्या कॉलेजची पोरं शोधून काढली. तीन वर्षांत एकतीस. एकेकाने फार तर तीन वेळा कोट नेला होता, मग येणं बंद. मुलुंडच्या कॉलेजची पोरं मात्र सात-सात, आठ-आठ खेपा घालायची.

"तीन कोटांत नोकरी!" त्याने रत्नप्रभाला ओरडून सांगितलं होतं. "याला म्हणतात कॉलेज!"

एकतीसपैकी पेढे चौघांनीच आणले होते, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण उरलेल्या सत्तावीस जणांना त्याने मोठ्या मनाने माफ करून टाकलं. मोठ्या पगाराची पोरं, भांडुपच्या नंदूकाकाला कशाला लक्षात ठेवतील? त्याच संध्याकाळी त्याने मोबाईलवाल्याला तोंडी हो सांगून टाकलं.

आणि आता त्या सत्तावीसमधला एक समोर उभा होता.

"अरे, तुला नोकरी लागली ना? तिसऱ्या कोटानंतर तू आलाच नाहीस."

"कॉलेजात कंपन्याच तीन आल्या काका. तिन्हीकडे बसलो, तिन्हीकडे वाट लागली. चौथी आलीच नाही, मग कोट कशाला नेऊ?"

"आणि तो निलेश? तुझ्याबरोबर यायचा तो, उंच?"

"तो कुर्ल्याला भावाच्या टपरीवर मोबाईलला ग्लास लावतो. बाकीचे कोण घरी, कोण डिलिव्हरीला. आमच्या बॅचच्या दोघांचं झालं. आधीच्या बॅचमधल्या एकाचं, त्याच्याही आधीच्या एकाचं. बस."

चार. नंदूला चारही बॉक्स आठवले. एकात तर काजूकतली होती.

"आणि उद्या कुठे?"

"मालाडला, कॉल सेंटर. अठरा हजार म्हणतायत. लोनचा हप्ताच साडेबारा आहे, पण पप्पांना एवढं तरी सांगता येईल ना, की हप्ता मी भरतो."

वर माळ्यावर दिशा कोटांना बटणं लावत बसली होती. तिथली खुडबुड थांबली. नंदूने प्रीतमला डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

त्याने सात नंबरचा कोट काढला, खांद्यावरची धूळ झटकली. "पैसे राहू दे रे."

"नको काका. फुकटचा कोट घातला की मान ताठ राहत नाही." प्रीतमने दीडशे रुपये गल्ल्यावर ठेवले. नंदूने ते घेतले. न घेऊन पोराला आणखी लहान करणं त्याच्याने झालं नसतं.

"या वेळी पेढे आणतो," जाता जाता प्रीतम म्हणाला.

"साधे आण. बिनसाखरेचे नकोत."

तो गेल्यावर दिशा शिडीवरून उतरली. बोटात सुईसाठी घातलेलं अंगुस्तान तसंच होतं. नंदूला तिच्याकडे बघवेना.

"गणित चुकलं ना गं माझं?"

"जो आला नाही त्याला तुम्ही नोकरीला लावलंत, बाबा. सत्तावीस जण."

"मला कसं नाही कळलं? तुला आता ऐकून कळलं?"

दिशा अंगुस्तान बोटावर फिरवत राहिली. "रविवारीच कळलं होतं. तुम्ही आईला सांगत होतात ना, तेव्हाच." तिचा आवाज फाटला. "पण तुम्ही एवढे खूश होतात. आणि मला ते कॉलेज हवं होतं. ऋतिका पण तिथेच जातेय. मी गप्प बसले, बाबा. अर्धं दुकान जाणार माहीत असून गप्प बसले."

ती रडायला लागली. नंदूला राग आला नाही. अठराव्या वर्षी एखादी गोष्ट मनापासून हवीशी वाटणं हा काय गुन्हा आहे? आपल्याला ती सहज देता येत नाही, एवढंच त्याला फार लागलं.

"वेडी का तू? ऐक. अजून हवं असेल तर भरू. अगदी खरं सांगतोय. तू काय त्या सत्तावीसमधली आहेस? तू हुशार आहेस."

"तेही सगळे आपापल्या घरी हुशारच होते ना?"

दिशाने ओढणीने डोळे पुसले, रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पानं उलटत राहिली.

"मुलुंडला जाते मी," ती म्हणाली. "तिथली मुलं आठ-आठ वेळा कोट नेतात."

"तेच तर. आठ खेपा!"

"म्हणजे त्यांना आठ वेळा कुणीतरी बोलावतं, बाबा."

नंदू उठला, स्टूल घेतलं आणि शेरवान्यांच्या मागून एक कागदात गुंडाळलेला कोट काढला. सुरमई रंगाचा, बाईमाणसाच्या मापाचा. रविवारपासून रोज दुपारी दुकान अर्धं लावून त्याने तो शिवला होता. उद्या फी भरून आल्यावर द्यायचा होता.

दिशाने सवयीने कॉलर उलटून पाहिली. "याला नंबर नाही घातलात?"

"तो भाड्याचा नाही."

तिने कोट अंगात घातला. बाह्या बोटांवर आल्या, खांदेही सैल होते. "मोठा झालाय."

"इंजिनीअर होईपर्यंत चार वर्षं. तेवढ्यात भरशील म्हणून माप सोडलं होतं."

"आता तीनच लागणार."

नंदूने टाचण्यांची डबी घेतली आणि तिच्यासमोर स्टूलवर बसला. "हात सरळ ठेव," एवढंच म्हणाला आणि चार टाचण्या ओठांत धरल्या, म्हणजे आणखी काही बोलावं लागणार नव्हतं. बाही मनगटापर्यंत दुमडून तो एकेक टाचणी लावत गेला. कापड मात्र त्याने कापलं नाही, आतच ठेवलं.