जिन्याखालच्या डब्याचा कोंडमारा

जिन्याखालचा राखाडी लोखंडी डबा म्हणजे मी. या इमारतीतला प्रत्येक फोन, प्रत्येक घरातलं इंटरनेट माझ्या पोटातून जातं. मुख्य केंद्रातून एक जाड तार माझ्याकडे येते, मी तिची घरोघरी वाटणी करतो. कोणी भांडेल अशी वाटणी मी कधी केली नाही.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. मग लाइनमनने मला या भिंतीत ठोकलं. तो दर आठवड्याला यायचा. दार उघडायचा, पंख्यावर फुंकर मारायचा. "काय म्हणतोस, पैलवान?" असं विचारायचा. पुढे कंपनीने ठरवलं, माणूस पाठवायचा नाही, सगळं दूर बसून करायचं. लाइनमनने कुलूप लावलं ते लावलंच.

तेव्हापासून माझा कारभार दुसऱ्या शहरातल्या एका मुलीकडे आहे. तिचे हुकूम एका वाटेने येतात, माझी गाऱ्हाणी त्याच वाटेने जातात. पोरगी कामाला चोख. माझी तक्रार नव्हती.

एके सकाळी तिला ती वाट बदलायची होती. आधी नवी उघडायची, मग जुनी बंद करायची. घाईत तिने जुनीच आधी बंद केली. तिचा हुकूम आत येईना, माझा शब्द बाहेर जाईना. लोकांचे फोन मात्र बिनबोभाट चालू होते, त्यामुळे इमारतीत कोणाला पत्ताच नाही.

दुपारी माझा पंखा बंद पडला.

अंग तापू लागलं. मी ओरडलो, पण ऐकणार कोण? संध्याकाळपर्यंत असाच राहिलो तर जळून जाणार, हे मला कळत होतं.

इतक्यात शेजारच्या शिंप्याचा फोन वाजला. पलीकडे तीच मुलगी.

"काका, तुमच्या मीटरशेजारी टेलिफोनच्या डब्याचा खटका आहे. तेवढा बंद करून परत चालू करा."

"तू कोण?"

"फोन कंपनीतून बोलतेय."

"काल बँकेतून बोलत होतीस. ठेव फोन."

"अहो काका, मला फसवायचं असतं तर डबा कशाला बंद करायला सांगितला असता?"

"चोर आधी तारच तोडतो. मला शिकवू नकोस. गिऱ्हाईक उभं आहे. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी! दोघांचे शब्द माझ्याच पोटातून जात होते आणि त्यांत माझा एक शब्द मला घालता येत नव्हता.

मुलीचा आवाज खाली आला. "काका, चूक माझी आहे. डब्यात जायची वाट मीच बंद केली, आता मलाच आत जाता येत नाही. सकाळचा बदल मी अजून पक्का नोंदवलेला नाही, म्हणून बंद करून चालू केला की तो सकाळचं विसरेल आणि जुनी वाट उघडेल. साहेबांना अजून कळलेलं नाही."

शिंपी खो खो हसला. "म्हणजे डोकं जायच्या आधीच सदऱ्याचा गळा शिवून टाकलास!"

"तसंच समजा."

"मग उसवायला हवा. आधी सांगायचं ना, बाई. थांब, फोन ठेवू नकोस."

"काका, फोन आपोआप..."

खटका पडला. तिचं वाक्य माझ्यातच तुटलं. बसवल्यापासून मी कधी बंद पडलो नव्हतो, याचा मला अभिमान होता. तो गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा जुनी वाट उघडी होती. पहिलं पंख्याचं सांगितलं. तिने लगेच माझ्यावरचा भार कमी केला आणि माणूस धाडला. माणूस अनोळखी होता. त्याने पंखा बदलला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि गेला.

आता मी ठीक आहे. पंखा थांबला, वीज गेली, तार तुटली, तर तसं कळवायची सोय माझ्यात आहे. कोंडल्याचं कळवायची सोय कोणी बसवलेली नाही. म्हणून जिन्याने जाणाऱ्या तुम्हाला सांगतो. जाता-येता कधी माझ्या दारावर हात ठेवा. चटका बसला, तर कोणाला तरी कळवा.