अगोनाच्या तिठ्यावरून समुद्राकडे

मित्रांनो, मी एक जुनी ट्रोट्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, आहे. ताकोराडीच्या बाजारातून माणसं, मासळीच्या पाट्या आणि केळीचे घड घेऊन अगोनाला जायचं आणि परत यायचं, हे माझं काम. माझा पत्रा फार दूरच्या थंड देशात ठोकला गेला. तिथे मी पाव पोचवायची गाडी होते. मग जहाजातून इथे आले. वेल्डरने माझ्या पोटाला खिडक्या पाडल्या, लाकडी बाकं बसवली, आणि फीफीने मला विकत घेतलं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

फीफी गाडी चालवतो. त्याची बायको अराबा दारात उभी राहून "अगोना, अगोना!" असं ओरडते. तिच्या आवाजाला सगळा गाडीतळ टरकून असतो. सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. फीफी रोज सकाळी माझा आरसा शर्टाच्या बाहीने पुसायचा. पुढे नव्या गाड्या आल्या. माझी बाकं मोडली, आणि एक दिवा फुटला तो फुटलेलाच राहिला.

मला एका गोष्टीचं भारी कुतूहल होतं. अगोनाच्या तिठ्यावरून आम्ही रोज माघारी फिरायचो, पण तिथून एक रस्ता दक्षिणेला जायचा. तिकडून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना वाळू लागलेली असे. डिक्सकोव्ह, आक्विडा अशी गावांची नावं कानावर पडत. समुद्र मी ओलांडला होता खरा, पण जहाजाच्या पोटात, अंधारात. तो दिसतो कसा? फीफी मात्र त्या बाजूला कधी मानही वळवत नसे.

यंदा ईस्टरची चार दिवस सुट्टी आली, आणि त्यांची दहा वर्षांची एफुआ हट्टाला पेटली.

"बाबा, बाई विचारतात तुझं गाव कुठलं. मी काय सांगू?"

"ताकोराडी सांग."

"ते राहायचं गाव झालं. आपलं गाव?"

अराबा केळी तळत होती. ती म्हणाली, "अहो, लग्नाला बारा वर्षं झाली. सासर कसं दिसतं ते मलाही बघू द्या की! का तिथं आणखी एक बायको ठेवलीय?"

फीफी हसला नाही. पण शुक्रवारी सकाळी त्याने माझी टाकी भरली, आणि तिठ्यावर मी पहिल्यांदा दक्षिणेला वळले.

बुसुआला नारळीच्या झाडांमधून समुद्र दिसला. केवढा तो! आणि एक क्षण स्वस्थ नाही. लाटा येत होत्या, मागे जात होत्या, आमच्यासारख्याच फेऱ्या करत होत्या. डिक्सकोव्हला मी रंगीत होड्यांच्या शेजारी उभी राहिले. शनिवारी खडबडीत रस्त्याने पुढे निघालो. प्रत्येक वस्तीला एफुआ विचारायची, "हेच का?" फीफी म्हणायचा, "पुढे."

आक्विडाच्या पुलाजवळ मात्र, त्याचं गाव समोर दिसत असताना, त्याने मला थांबवलं.

"बास. इथूनच फिरू."

"एवढं आलो, आणि आता?" अराबा म्हणाली.

त्याने इंजिन बंद केलं. "आमची होडी होती. आईने आम्हा दोघा भावांसाठी ठेवलेली. दादा तापाने पडला होता, तेव्हा मी ती विकली. त्याला न विचारता. आणि ही गाडी घेतली."

मित्रांनो, मी एका होडीच्या बदल्यात आले, हे मला तेव्हा कळलं.

अराबाने पुलापलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पळून पळून पोचलात कुठं? ताकोराडीला. चला आता पुढं."

फीफीचा भाऊ कोबिना किनाऱ्यावर दुसऱ्याचं जाळं सांधत बसला होता. तो उठला. त्याने फीफीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्याभोवती एक फेरी मारली. मागे जाऊन थबकला. तिथे निळ्या रंगात 'अज्वा' असं लिहिलेलं आहे. मला वाटायचं ते माझंच नाव. ते त्यांच्या आईचं होतं, आणि त्या होडीवरही तेच होतं.

कोबिनाने माझ्या पत्र्यावर टिचकी मारली. "ही आपली होडी?"

"हो, दादा."

"पाणी शिरतं का?"

"पावसात. छतातून."

"मग होडीच बरी होती." एफुआ फिसकन हसली. कोबिना हसला नाही. "चौदा वर्षं दुसऱ्यांच्या होड्या वल्हवल्या मी. निदान विचारायचंस तरी."

"तू नाही म्हणाला असतास."

"नाहीच म्हणालो असतो!"

फीफीने किल्ली त्याच्यापुढे धरली. कोबिनाने ती घेतली नाही. तो वाकला, माझ्या खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ! समुद्राकाठी फिरवलीस आणि धुतली नाहीस? लोखंड खातं हे. जा, विहिरीवरून बादली आण."

फीफी धावतच गेला.

सोमवारी परतताना पुढच्या बाकावर कोबिना बसला होता. "अर्धी गाडी माझी आहे," तो म्हणाला, "दिवसभर करते काय ते बघू तरी."

मित्रांनो, समुद्रावरून आलात की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. वरून चांगली दिसणारी गाडी आतून गंजत असते, आणि आम्हाला ते सांगता येत नाही. पण एकट्याने धुऊ नका. एकाने पाणी ओतायचं, आणि दुसऱ्याने खाली आडवं होऊन बघायचं, कुठे राहिलंय ते.