न उडालेल्या फ्यूजची तक्रार

मी एक जुना फ्यूज आहे, मित्रांनो. ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते काम मी आयुष्यात फक्त दोनदा केले आणि दोन्ही वेळा मला शिव्या बसल्या. त्यानंतर अकरा वर्षे मी काहीच केले नाही, तर मला हार घातले गेले. माझा राग कुठून सुरू होतो, ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

मी चिनी मातीचा, पांढराशुभ्र, कपबशीच्या घराण्यातला. एकाच भट्टीतून निघालेले माझे चुलतभाऊ लोकांच्या ओठांना लागले, मी भिंतीला लागलो. माझ्या पोटात दोन पितळी स्क्रू होते आणि त्यांच्यामध्ये केसासारखी एक बारीक तार. वीज मापात असली की तिला जाऊ द्यायचे, मापाबाहेर गेली की ती तार वितळू द्यायची आणि वाट बंद करायची, एवढाच माझा अभ्यासक्रम. वेळेवर मरणे हेच ज्याचे काम, असा जगात मी एकटाच असेन. पण काम ते काम.

भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात चार मागांच्या लाईनीवर माझी नेमणूक झाली. तिथे अनंता नावाचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. जवळच्या वडपे गावचा माणूस, हात सोन्याचे, डोके मात्र त्याचे स्वतःचे. पहिल्याच आठवड्यात एका मोटरवर जास्त ताण आला आणि मी नेमाने उडालो. चारही माग बंद पडले. शेठ ओरडले, कारागीर 'फ्यूज गया' म्हणून चहाला गेले आणि अनंताने मला ज्या शब्दांनी गौरवले ते तुमच्या पुस्तकात छापता येणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा उडालो. मोटर खरोखरच आजारी होती आणि मी ते सांगत होतो. पण ताप आला की थर्मामीटर फोडायचा, अशी तिथली रीत होती.

अनंताने एका जुन्या केबलमधून तांब्याच्या नऊ तारा काढल्या, वेणीसारख्या पिळल्या आणि माझ्या पोटात घट्ट बसवल्या. "आता उडून दाखव," तो म्हणाला.

मी उडालो नाही. उडणार कसा? अंगावर वीज कोसळली असती तरी त्या नऊ तारांनी तिला या, बसा म्हटले असते. पुढे ती मोटर जळाली. लोक म्हणाले, मोटर खराब होती. दुसरी मोटर जळाली, लोक म्हणाले, जमाना खराब आहे. मी जागच्या जागी शाबूत. अनंता नव्या पोरांना बोट दाखवून सांगायचा, असा इमानदार फ्यूज भिवंडीत दुसरा नाही. दर खंडेनवमीला माझ्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात झेंडूचा हार पडायचा. समोर जळक्या मोटरचा वास आणि मी नवरदेव. मित्रांनो, पाठ केलेला धडा एकदाही म्हणू न दिलेल्या मुलाला पहिला नंबर द्यावा, तसे मला वाटायचे.

मग कारखाना बंद झाला. माग भंगारात गेले आणि अनंताने आठवण म्हणून मला डब्याच्या पिशवीत टाकून वडप्याला घरी नेले. भंगारवाल्याने मला न्यायला नकार दिला होता, हाही अपमान मी तुम्हाला आता सांगून टाकतो.

घरात अनंताची बायको ठमाबाई आणि मुलगी मृणाली. मृणाली भिवंडीच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करत होती. तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती आणि घरात ती एकटीच विजेला घाबरणारी होती, कारण तिला वीज समजत होती.

ते दोन हजार सहा साल होते. गावात रोज कितीतरी तास वीज जायची. ठमाबाईने त्या थंडीत कोंबडीची पन्नास पिल्ले आणली होती. पिल्लांना आई नव्हती, आईच्या जागी एक बल्ब होता. एका सकाळी पाच ते नऊ लाईट गेली, त्याबरोबर आईही गेली. एकतीस पिल्ले गारठून मेली. ठमाबाईने ती परसात एकाच खड्ड्यात पुरली. मग तिने नवी आणून पुन्हा पन्नास पुरी केली आणि सांगितले, की या वेळी एक जरी पिल्लू गेले तर ती खुराडे मोडून चुलीत घालेल आणि पुन्हा कोंबडीचे नाव काढणार नाही. ती बोलली की करायची.

अनंताने मनावर घेतले. भिवंडीच्या एका गोदामात बाद झालेले एक सोलर पॅनेल आणले, छपरावर बांधले आणि ट्रॅक्टरची बॅटरी पडवीत ठेवली. ट्रकच्या मागच्या दिव्याचे दोन बल्ब आतल्या खोलीत पिल्लांच्या खोक्यावर टांगले. खोक्यात भाताचा तूस, खाली गोणपाट. इथपर्यंत सगळे ठीक होते. मग त्याने मला पिशवीतून काढले, कुंकू पुसले आणि माझी नेमणूक जाहीर केली. पडवीपासून खोलीपर्यंत पंधरा हात अंतर होते. त्यासाठी त्याने गणपतीतल्या दिव्यांच्या माळेची वायर घेतली. ती वायर एवढी बारीक होती की तिला पाहून मलाच दया आली.

मृणालीने हरकत घेतली. तिचे म्हणणे असे, की व्होल्ट कमी असले तर तेवढ्याच उजेडाला अँपियर जास्त लागतात आणि अँपियर जास्त तर तार जाड हवी. पॅनेलची ताकद मोजकीच, पण बॅटरी भडकली तर शेकडो अँपियर ओकते, म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ एक लहान फ्यूज हवा. आणि मी तर कारखान्यातल्या विजेसाठी बनलेला. ती वीज सेकंदाला शंभर वेळा दम खाते. बॅटरीची वीज दम खात नाही, तार तुटली तरी फटीवरून उडी मारत राहते. मी नऊ तारा नसतानाही तिथे नालायक होतो. माझ्याबद्दल कोणी खरे बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

अनंताने बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बोटे ठेवली. "बग. झिनझिनी पन न्हाय. बाराच तर व्होल्ट हायत."

मृणालीने ठमाबाईची भांडी घासायची तारेची घासणी आणली, तिचा एक धागा उपसला, पकडीत धरला आणि दोन्ही टोकांना लावला. धागा लाल झाला, पांढरा झाला आणि नाहीसा झाला. अनंता म्हणाला, घासणी हलक्या मालाची आहे. ठमाबाईने एवढेच विचारले, की नवी घासणी कोण आणणार.

"अकरा वरसं उडला न्हाय हा," अनंताने मला थोपटले.

"बाबा, हा उडला न्हाय म्हणून तर मोटरी उडल्या."

दुसऱ्या दिवशी ती आयटीआयला गेल्यावर त्याने मला गुपचूप बसवले.

सहाव्या दिवशी सकाळी आठला लाईट नव्हती. बल्ब जळत होते, पिल्ले उबेला बसली होती, ठमाबाई भाकऱ्या थापत होती आणि मृणाली परसात पाणी भरत होती. उंदराने गोणपाटाखालची वायर कुरतडली आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. बॅटरीला हेच हवे होते. ती धबधब्यासारखी माझ्यातून धावली. मित्रांनो, मला कळत होते. आयुष्यभर ज्या क्षणासाठी मी भिंतीला लागलो होतो, तो क्षण हाच होता. वितळ, असे मी त्या नऊ तारांना सांगत होतो. त्या जेमतेम कोमट झाल्या. माळेची वायर मात्र पंधरा हात लांबीभर धुमसू लागली आणि तुसाच्या एका कोपऱ्यातून धूर निघाला.

ठमाबाईला वास आला. ती विळा घेऊन पडवीत धावली, एका फटक्यात बॅटरीजवळ वायर तोडली, आत जाऊन खोके उचलले आणि अंगणातल्या उन्हात नेऊन ओतले. मग तिने पिल्ले मोजली. एकोणपन्नास. पुन्हा मोजली. एकोणपन्नास. अनंता खांबाला धरून उभा होता. शेवटी मृणालीने गोणपाट झटकले आणि त्याच्या घडीतून पन्नासावे निघाले. एका बाजूची पिसे जळून गेलेली, पण आवाज शाबूत, आणि त्या आवाजात ते आम्हा सगळ्यांची तक्रार करत होते.

ठमाबाईने माझ्याकडे पाहिले. "बगा तुमचा इमानदार," ती अनंताला म्हणाली. "घर पेटलं आनि हा बसलाय थंड."

अन्याय बघा. नऊ तारा घालणारा बाजूला, बोलणी मला. पण तिचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून ते जास्त लागले.

त्या दिवशी मृणालीने वायरिंग केले आणि जॉबर अनंता स्क्रू हातात धरून उभा राहिला. आधी दोन्ही बल्ब किती ओढतात ते पाहिले, साडेतीन अँपियर. त्याच्या थोडा वर पाचाचा फ्यूज. तार मात्र वीस सोसेल अशी जाड. "फ्यूज दिव्याच्या वर आन तारेच्या खाली," ती म्हणाली, "म्हंजे तार तापायच्या आधी तो मरंल." अनंता हायवेवरच्या गॅरेजमधून ट्रकमध्ये असतो तसला नखाएवढा प्लास्टिकचा फ्यूज घेऊन आला. तो माझ्या जागी बसला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मला फळीवर ठेवले.

पंधरा दिवस बरे गेले. मग एक बोका पिल्लांवर नजर ठेवू लागला आणि अनंताने त्याला हाकलण्यासाठी त्याच लाईनीवर ट्रकचा हॉर्न जोडला. बटण दाबले. हॉर्न अर्धा 'पों' वाजला आणि सगळे बंद. बोका गेला नाही, फ्यूज गेला.

अनंताचा हात खिशाकडे गेला. त्या खिशात, लोक पेन ठेवतात तशी, तो तांब्याची तार ठेवायचा. ती त्याने बाहेर काढली. ठमाबाई दारात उभी होती. मी फळीवरून पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हते, यासारखा संताप दुसरा नाही. अनंताने ती तार बोटांत एकदा पिळली. मग ती चुलीमागे टाकली, आधी हॉर्न काढला आणि चपला घालून गॅरेजकडे निघाला. येताना पाच अँपियरचे चार फ्यूज आणले. मेलेला फ्यूज तळहातावर घेऊन हळूच म्हणाला, "ह्यो कामाचा हाय."

मला अकरा वर्षांत त्याने असे म्हटले नव्हते. इमानदार म्हटले होते. कामाचा नाही.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर पक्कड, टेस्टर आणि मधोमध तो नखाएवढा जळका फ्यूज मांडला होता. झेंडू त्याच्यावर. पंधरा दिवसांची नोकरी आणि हा मान. मी चडफडलो. पूजा योग्य जागी झाली होती, म्हणून तर चडफडलो.

मित्रांनो, तुमच्या घरी फ्यूज उडाला तर त्याला शिव्या देऊ नका. तो काहीतरी पाहून मेला आहे, आधी ते शोधा. आणि कोणी पिळलेली तार घेऊन त्याच्याकडे निघाला, तर त्याचा हात धरा, मग ते तुमचे वडील असले तरी.

माझे म्हणाल तर मृणालीने माझ्या पोटातल्या नऊ तारा काढल्या, पितळी स्क्रूही काढले. तेव्हा ठमाबाईच्या लक्षात आले, की मी पांढरा आहे आणि साधारण अंड्याएवढा आहे. खुराड्यात एक अंडे दिसले की कोंबड्या तिथेच अंडी घालतात, म्हणून तिने मला तिथे ठेवले. आता एका बाजूची पिसे विरळ असलेली एक कोंबडी रोज येऊन माझ्यावर बसते. जिला मी भाजायला निघालो होतो, ती मला ऊब देते, मी फुटेन या आशेने. पुन्हा तेच, न केलेल्या कामाचा मान. पण तिला मी काही बोलत नाही.