ताई बसली की झोपणारा लॅपटॉप

ताई टाइप करू लागली की लॅपटॉप झोपत असे. धाकटा भाऊ बसला, भावोजी बसले, शेजारच्या काकूंनीही हौसेने बोटे आपटून पाहिली. तो टक्क जागा. ताईने ओळ पुरी करायच्या आत मात्र पडदा काळा.

“तीन मढी एकत्र करून उठवलंस ना त्याला? मग भूतच निघणार,” भावोजी म्हणाले.

लॅपटॉप धाकट्याने जुळवला होता. प्रयोगशाळांतली उपकरणे दुरुस्त करण्यात त्याची हयात चालली होती, आणि पडताळल्याखेरीज तो काहीही मानत नसे. त्यामुळे भावोजींच्या तोंडी त्याचे नाव शंकासुर असेच रुळले होते. ताईच्या बेताच्या पैशांत दुकानात नवा लॅपटॉप मिळत होता. पण त्याचा दिमाख हत्तीचा आणि जीव मुंगीचा. शिवाय पुढे मेमरी वाढवायची म्हटली तर सोय नाही. म्हणून शंकासुराने एकाच नमुन्याचे तीन बंद पडलेले लॅपटॉप भंगारातून आणले. एकाचा सांगाडा घेतला, दुसऱ्याचा मदरबोर्ड, तिसऱ्याचा पडदा. बॅटरी आणि डिस्क तेवढी नवी घातली.

“म्हणजे घरीच बनवलास!” काकू कौतुकाने म्हणाल्या होत्या.

“बनवला नाही, जुळवला. लॅपटॉप मुळापासून घरी बनत नाही,” त्याने दुरुस्ती केली. कौतुकसुद्धा तो मोजूनमापून घेई.

ताई लग्नापूर्वी एका कचेरीत टंकलेखिका होती. मुले मार्गी लागेपर्यंत तिची बोटे इतर कामांनाच जुंपलेली राहिली. आता एका रुग्णालयाकडून घरबसल्या काम मिळण्याची शक्यता होती: डॉक्टर बोलून ठेवतील ते ऐकून टाइप करायचे. त्याची परीक्षा उद्या सकाळी, घरूनच द्यायची होती. मध्येच यंत्र बंद पडले तर परीक्षा बाद. दुसरी संधी नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले होते.

अखेर भावोजींनी दुकानातला तो नवा लॅपटॉप आणलाच, पसंत न पडल्यास परत करण्याच्या बोलीवर.

“आता बघ, शंकासुरा. चकाचक! याच्या सात पिढ्यांत कुणी भंगारात गेलेलं नाही.”

ताई पदर खोचून बसली. तिने एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली. पडदा काळा.

शंकासुराचा चेहरा मात्र उजळला, आणि ते ताईच्या नजरेतून सुटले नाही.

“दात काय काढतोस?”

“माझा सुटला ना आरोपातून! दोन्ही मशीन्स अगदी तेच करतायत. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही.”

“मग माझ्यात आहे,” ताई म्हणाली.

वाक्य तर्काला धरून होते, आणि ते आपणच तिच्या हाती दिले हे शंकासुराच्या उशिरा ध्यानात आले.

“टाइपरायटर कधी माझ्यावर रुसला नव्हता रे,” ती म्हणाली. “या नव्या वस्तूंना माझा हातच नको आहे. रुग्णालयाला फोन करून नाही म्हणून सांगते. उगाच भर परीक्षेत शोभा कशाला?” तिने फोन उचललाही.

“ताई, थांब. तुझ्या हाताचा दोष असेल तर निदान कुठल्या हाताचा, ते कळू दे. एकाच हाताने टाइप कर. आधी उजवा.”

उजव्या हाताने अख्खा परिच्छेद झाला, लॅपटॉप जागा. डाव्याने सुरुवात केली आणि तो झोपला.

“आता डावा हात नुसता वर धर. टेकवू नकोस.”

तिने तळहात कीबोर्डच्या कडेवर अधांतरी धरला. पडदा काळा.

“बघा! दृष्टच लागते हिची!” भावोजी जवळजवळ आनंदाने ओरडले.

“भावोजी, दृष्ट डोळ्यांनी लागते, मनगटाने नाही.” शंकासुर आता खुशीत आला होता. स्पर्शावाचून परिणाम करणाऱ्या गोष्टी जगात फार नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांशी त्याची जुनी ओळख होती. बशीत उरलेले बारीक स्क्रू त्याने पुढे सरकवले. “यांच्यावर धर.”

ताईने हात नेला. स्क्रू टणकन उडाले आणि तिच्या मनगटावरच्या पट्ट्याला मुंग्यांसारखे चिकटले.

“अगंबाई!”

“हा पट्टा कधीपासून?”

“टाइपिंगचा सराव सुरू केला आणि मनगट धरलं, तेव्हा यांनी आणून दिला. टाइपिंगला बसले की घालते.”

दोघांच्या नजरा भावोजींकडे वळल्या. भावोजींना छतावरचा पंखा अचानक बघण्यासारखा वाटू लागला.

“आतून लोहचुंबक आहेत म्हणाला दुकानदार,” ते पुटपुटले. “रक्त खेळतं ठेवतात म्हणे.”

“रक्ताचं माहीत नाही, लॅपटॉप मात्र झोपवतात.”

“म्हणजे अवलक्षणी मी नाही, तुमची भेट आहे,” ताई म्हणाली आणि इतक्या मोकळेपणी हसली की भावोजींनाही हसावे लागले.

कात्री आणून तिने स्वतःच पट्ट्याची शिवण उसवली, चुंबक काढले, पट्टा पुन्हा शिवला आणि मनगटावर बांधला. उबेने बरे वाटते, असे तिचे म्हणणे होते. त्यावर शंकासुराने हरकत घेतली नाही. नवा लॅपटॉप दुकानात परत गेला. जुन्याच्या कळा खोल दबतात, अक्षर उमटल्याचे बोटाला कळते, एवढेच कारण ताईने दिले. परीक्षा तिने त्यावरच दिली, आणि काम तिला मिळाले.

पुढच्या आठवड्यात काकू डोकावल्या. ताई कानांत डॉक्टरांचा आवाज घेऊन टाइप करीत होती.

“काय गं, कुणाकडून उतरवून घेतलीस त्याची बाधा?”

ताईने एक कान मोकळा केला. बोटे मात्र कळांवरून हलवली नाहीत.

“बाधा नव्हती, काकू. लॅपटॉपच्या झाकणात चुंबक असतो. तो जवळ आला की झाकण मिटलं असं समजून मशीन झोपतं. माझ्या पट्ट्यातही चुंबक होते.”