चौकाखालची ओळ

बायडीनं नवंकोरं पुस्तक उघडून नातीच्या मांडीवर ठेवलं.

"वाच बरं, स्वाती. आमची नावं कुठं हायत?"

बोईसरच्या शाळेतल्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. चारुताबाईंनी मुलांसाठी लिहिलेलं चित्रकलेच्या इतिहासाचं पुस्तक आज निघालं होतं. तिसरीतलं पोरही अडखळणार नाही इतकं सोपं लिहिलंय, असं त्या आत्ताच माइकवरून सांगून आल्या होत्या.

आणि खरंच, तिसरीतली स्वाती कुठे अडखळली नाही. भिंतीवर काढलेल्या चौकाच्या फोटोखालची ओळ तिनं घडाघडा वाचून टाकली.

"हा लग्नाचा चौक. तो काढणाऱ्या बायकांची नावं कुणालाच माहीत नसतात."

"फिरून वाच."

स्वातीनं फिरून वाचलं. ओळ तीच निघाली.

अहो, लग्नाचा चौक एकटीनं काढायचा नसतो. म्हणून बायडीनं आणखी चार सवाशिणी जमवल्या, भिंत गेरूनं सारवली आणि तांदळाच्या पिठानं दोन दिवस खपून चौक काढला. तोही घरात लग्न नसताना! उमरोळीच्या पाड्यावरचे म्हातारे चिडले, तेव्हा त्यांना गप्प करणारी बायडीच. का, तर चारुताबाई म्हणाल्या होत्या, "मावशी, तुम्हा सगळ्यांची नावं पुस्तकात येतील."

त्या चौघी आज पाड्यावर वाट बघत बसल्या होत्या. त्यांना आता काय तोंड दाखवायचं? गोड बोलून बाईनं केसानं गळा कापला होता, आणि वर आज पहिल्या रांगेत बसवून चहा पाजला होता.

चारुताबाई हसत आल्या.

"आवडलं ना? द्या, सही करून देते."

पहिल्या पानावर त्यांनी झोकात लिहिलं, 'प्रिय मावशींना'. स्वातीनं तेही लगेच वाचून दाखवलं.

"मावशी नको," बायडी म्हणाली. "सा महिने माझ्या चुलीपाशी जेवला तुमी. माझं नाव लिवा."

चारुताबाईंनी 'मावशींना'वर काट मारली. पेन तिथंच थांबलं. त्यांनी बायडीकडे पाहिलं, मग स्वातीकडे. चेहरा कानापर्यंत लाल झाला.

हिनं नाव कधी विचारलंच नव्हतं, हे बायडीला तेव्हा उमगलं.

स्वातीला बाईंची दया आली. ती जवळ सरकली.

"बायडी," ती हळूच म्हणाली. "लिवायला सोपं हाय. बाकीची चार पण सोपीच हायत."