कोणत्याही मापाला

सिद्धेशने अननसाचा डबा टेबलावर दाणकन आपटला, तशा समोरून चाललेल्या बायका थबकल्या.

"ताई, घेऊ नका, नुसतं बघा!" तो हसून म्हणाला. "वस्तू एक, घरातली कामं सगळी. ही झाली पक्कड. मागे हातोडा. दांड्यात स्क्रू ड्रायव्हर. आणि खरी गंमत ही इथे. ओपनर! बाजारातला ओपनर एकाच मापाचा. डब्याची कड जाड निघाली की बसा बोंबलत. आपल्याकडे ही चकती फिरवायची, हा आकडा, हा हुक, पुढे-मागे सरकतो. डबा असो, बरणी असो, कोणत्याही मापाला बसतो."

त्याने अंगठ्याने चकती फिरवली. आकडा डब्याच्या कडेवर घट्ट बसला, पातं पत्र्यात शिरलं आणि झाकण गोलाकार कापत गेलं. बायका पुढे सरकल्या.

डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. स्टॉलच्या मागे खुर्चीवर बसून गोदाबाई टूल खोक्यात भरत होत्या आणि खोक्याला टेप लावत होत्या. मुलाच्या धंद्याला त्यांचा तेवढाच हातभार.

"मुलगा का तुमचा?" एका बाईने वाकून विचारलं. "काय गोड बोलतो हो! नशीबवान आहे याची बायको."

गोदाबाई हसल्या आणि पुढचं खोकं उचललं.

प्रत्येक प्रदर्शनानंतर उघडलेले डबे घरी येत. अननसाच्या चकत्या, रसगुल्ले, मक्याची कोवळी कणसं. ते संपेपर्यंत घरात तेच खायचं. सुरुवातीला गोदाबाईंना त्याचं अप्रूप वाटलं होतं. संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात असले लाड कोणी केले नव्हते. आता अननसाचा वास आला तरी त्यांना मळमळायचं.

"आता तुम्ही म्हणाल, हा पुरुषमाणूस, याच्या हातात जोर आहे," सिद्धेश सांगत होता. "म्हणून आमच्या मॅडमच उघडून दाखवतील. करिश्मा, ये."

त्याची बायको करिश्मा पुढे आली. मे महिन्याच्या घामात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. तिने डबा ओढून घेतला, आकडा कडेला लावला, चकती आवळली. पण मनगटात जोर येईना. ते मनगट दोन दिवसांपूर्वी कोणी पिरगाळलं होतं, हे त्या हॉलमध्ये तिघांनाच ठाऊक होतं. पातं जेमतेम शिरलं, डबा कलला आणि पाकाची चिळकांडी पहिल्या रांगेतल्या बाईच्या साडीवर उडाली.

"अगं बाई! साडी गेली माझी."

"हिलाच जमत नाही, आपल्याला काय जमतंय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. बायका हसत हसत पलीकडच्या लोणच्यांच्या स्टॉलकडे वळल्या.

सिद्धेशही हसला. लोक पांगले तरी तो हसतच होता. ते हसू गोदाबाईंच्या ओळखीचं होतं. त्यांचे यजमान असेच हसायचे, पाहुणे उठून जिना उतरेपर्यंत.

सिद्धेशने करिश्माच्या दंडाला धरलं आणि तिला बॅनरच्या मागे नेलं. गोदाबाईंनी टेपचं रीळ घेतलं आणि फर्रकन ओढलं. मग पुन्हा ओढलं. खोकं बंद झालं होतं तरी त्या टेप ओढत राहिल्या. करिश्मा बाहेर आली तेव्हा तिचा एक गाल लाल होता आणि ती केस त्या बाजूला ओढून घेत होती.

टेम्पो दिव्याला, त्यांच्या बिल्डिंगखाली पोचला तेव्हा अजून उजेड होता. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. टँकर येणार म्हणून सगळी बिल्डिंग ड्रम आणि कळश्या घेऊन खाली उभी होती. सिद्धेशने रांगेतल्या दोघांशी थट्टामस्करी केली, खोकी स्वतः तिसऱ्या मजल्यावर वाहिली, भिंतीशी रचली. शेवटचं खोकं ठेवून त्याने दार लावलं आणि कडी घातली.

"हसले ना लोक?" तो म्हणाला.

"माझा हात दुखतोय, सिद्धेश. मी सकाळी बोललेले तुला."

"हसले की नाही, ते सांग."

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. वरच्या बॅगा खाली आल्या. ती पडली तशी त्याने पोटात लाथ घातली. ती वळली म्हणून पाठीत घातली. तो ओरडत नव्हता. त्याला घाईसुद्धा नव्हती. मघाशी खोकी रचली तसा तो एकेक लाथ नीट पाहून घालत होता.

गोदाबाई स्वयंपाकघरात गेल्या.

अशा वेळी त्या तिथेच जात. मिक्सरच्या भांड्यात खोबरं, मिरच्या, हाताला लागेल ते टाकत आणि बटण फिरवत. मिक्सर घरघरू लागला की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. भांडं तापून करपल्याचा वास येईपर्यंत त्या तो चालू ठेवत. शेजारच्या रमाबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे चटणी फार लागते हो."

गोदाबाईंनी डाळं टाकलं, झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं.

मिक्सर चालेना. त्यांनी बटण पुन्हा फिरवलं, प्लग काढून परत लावला. वर पाहिलं, तर पंखाही थांबला होता. दिवे गेले होते.

मग त्यांना सगळं ऐकू आलं. करिश्माचा श्वास ऐकू आला, फाटक्या भात्यासारखा. पाय घासल्याचा आवाज आला. "सिद्धेश, नको. बोट नको. मी पाया पडते तुझ्या." त्यानंतर एक बारीक आवाज, कट्, कट्. हा आवाज त्यांनी सकाळपासून शंभरदा ऐकला होता. चकती आवळली जात होती.

झाकणावरचा हात तसाच ठेवून गोदाबाई उभ्या राहिल्या. पुन्हा एकदा कट् झालं, आणि करिश्मा जशी किंचाळली तसं माणूस किंचाळताना त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्या बाहेर आल्या.

करिश्मा पालथी पडली होती. सिद्धेशने तिच्या पाठीवर गुडघा रोवला होता. तिचा उजवा हात ओढून फरशीवर दाबला होता आणि पहिलं बोट ओपनरमध्ये घातलं होतं. एका बाजूने आकडा, दुसऱ्या बाजूने पातं. नखाखालून रक्त येऊन फरशीच्या सांध्यातून वाहत होतं.

"कोणत्याही मापाला बसतो," तो हळू आवाजात तिला सांगत होता. "बोलतो ना मी लोकांना? मग लोक का हसतात?"

आणि त्याने अंगठा पुन्हा चकतीवर ठेवला.

गोदाबाईंनी भिंतीशी रचलेल्या खोक्यांतलं वरचं ओढलं. टेप निघेना म्हणून दातांनी तोडली. टूल हातात आलं, त्यांनी ते उलटं धरलं आणि हातोड्याची बाजू सिद्धेशच्या मनगटावर घातली.

"आई?"

त्याने मान वर केली. लहानपणी खेळताना मध्येच हाक मारली की तो असाच बघायचा. गोदाबाईंनी पुन्हा मारला, त्याच जागी. या वेळी आत काहीतरी मोडल्याचं त्यांच्या स्वतःच्या हाताला कळलं. सिद्धेश ओरडून मागे कलंडला. त्यांनी तिसऱ्यांदा मारला, तेव्हा त्याने टूल केव्हाच सोडलेलं होतं.

"आई, बस! मरेन मी. आई गं!"

गोदाबाई थांबल्या. त्यांना धाप लागली होती. खाली टँकर आला असावा. बायकांचा आणि ड्रमांचा एकच गलका उठला.

करिश्मा उठून बसली. बोट अजून ओपनरमध्येच होतं. गोदाबाई पुढे झाल्या, तर तिने डावा हात आडवा धरला. मग त्याच हाताने चकती उलटी फिरवली, हळूहळू, आणि बोट बाहेर काढलं. टोकाशी हाड दिसत होतं. ती ते परक्याचं असल्यासारखं बघत राहिली.

रिक्षात सिद्धेश मध्ये बसला, दोघी दोन्हीकडे. दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने आधी मनगट पाहिलं.

"कसं झालं हे?"

"टेम्पोचं दार लागलं," सिद्धेश म्हणाला.

"आणि यांचं बोट?"

"त्याच दारात."

डॉक्टरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चेहऱ्यालाही दारच लागलं?" तिने करिश्माला विचारलं. करिश्माने मान वळवली. ती गोदाबाईंकडे बघत होती. गोदाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. आईने मारलं हे तो सांगणार नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी स्वतः सांगितलं असतं तर का मारलं तेही सांगावं लागलं असतं. डॉक्टरने करिश्माला पडद्याआड नेलं आणि बराच वेळ लावला. बोटाला टाके पडले. टोकाला पुन्हा जाणीव येईल याची खात्री नाही, असं ती बाहेर येऊन म्हणाली. कोणाला उद्देशून, ते समजलं नाही. सिद्धेशचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला.

घरी आल्यावर सिद्धेश भिंतीकडे तोंड करून झोपला. गोदाबाईंनी त्याला वरणभात भरवला, तो त्याने मुकाट्याने खाल्ला. मग त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात फरशी पुसली. सांध्यातलं रक्त निघेना, तेव्हा जुन्या टूथब्रशने घासून काढलं. सगळी टूल खोक्यांत घातली आणि खोकी पलंगाखाली सरकवली.

सकाळी त्यांना फार हलकं वाटत होतं. इतकी वर्षं छातीवर असलेलं काहीतरी उतरलं होतं. आता घर मार्गी लागेल, असं त्या मनाशी म्हणत होत्या. पोराला धाक बसला, हे आधीच व्हायला हवं होतं. त्यांनी चहात आलं किसून घातलं आणि पहिला कप करिश्मासाठी भरला. या घरात पहिला कप आजवर पुरुषाचा असे.

कप घेऊन त्या वळल्या, तर करिश्मा दाराशी उभी होती. खांद्याला बॅग होती, केस विंचरलेले होते. सुजलेला डोळा जेमतेम उघडत होता.

"कुठे निघालीस?"

"चौकीत. डॉक्टरांनी कागद दिलाय. मग बदलापूरला, दादाकडे."

"अगं, चौकीत कशाला? घरातली गोष्ट घरात..." गोदाबाई थांबल्या. कप त्यांच्या हातातच होता. "चहा तरी घे. माझं ऐक. आता नाही तुझ्यावर हात उचलायचा तो. काल बघितलंस ना? मी उचलू देणारच नाही. मी आहे ना इथे."

करिश्मा उंबऱ्यावर बसून सँडलचा पट्टा लावत होती. एका हाताने जमत नव्हतं. गोदाबाईंनी कप खाली ठेवला आणि मदत करायला वाकल्या, तशी तिने पाय मागे घेतला. पट्टा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा लागला.

"तुम्ही तर पहिल्यापासून आहात, आई," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगावा, तशी ती बोलली. मग कठड्याला धरून जिना उतरू लागली.

गोदाबाई गॅलरीत आल्या. आजही पाणी आलं नव्हतं, खाली ड्रमांची रांग लागली होती. करिश्माचा चेहरा बघून बायकांचं बोलणं थांबलं आणि तिला वाट मिळाली. रमाबाईंनी मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. एरवी त्या हात हलवायच्या. आज त्यांनी हलवला नाही. करिश्मा नाक्यावरच्या रिक्षात बसेपर्यंत गोदाबाई बघत होत्या. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दिवे आले. स्वयंपाकघरातला मिक्सर एकदम घरघरायला लागला. त्याचं बटण कालपासून चालूच राहिलं होतं. गोदाबाई धावत आत गेल्या आणि तो बंद केला.

आवाजाने सिद्धेश जागा झाला होता. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून तो उठून बसला.

"करिश्मा कुठेय?"

"गेली."

"कुठे गेली?"

उंबऱ्याशी ठेवलेल्या चहावर साय धरली होती. गोदाबाई कपाशेजारी जाऊन बसल्या.

"आई, तुझ्याशी बोलतोय मी. तू इथेच होतीस ना?" त्याचा आवाज चढला. "मग अडवलं का नाहीस?"

गोदाबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही अडवलं," त्या म्हणाल्या. "इथेच होते, पण नाही अडवलं."