खडूने आखलेला काटा

हर्षदीपला एक वाईट खोड आहे. कथा कितीही चांगली असू द्या, तो तिच्यात भोक शोधणार. सापडलं की इतका खूश होतो, जसा काही त्याचाच पहिला नंबर आला.

"खून जमला, नीलिमा," तो म्हणाला. "चोरी जमून नाई राह्यली."

कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्ही वीस मिनिटांची थ्रिलर फिल्म करत होतो. कथा माझी, दिग्दर्शन हर्षदीपचं आणि कॅमेरा म्हणजे विनयचा मोबाईल. एका जिनिंग मिलवाल्याने सोमवारी एकच तास शूटिंगला परवानगी दिली होती. म्हणून कोण कुठे उभं राहणार, कुठून चालत येणार, हे सगळं आधीच ठरवून ठेवायचं होतं. रविवारी सकाळपासून आम्ही तिघं माझ्या गावी, मावल्याला, आमच्या अंगणात डोकं खाजवत बसलो होतो.

माझी कथा अशी. मिलच्या वजनकाट्यावर शेतकऱ्यांचा कापूस कमी भरतो. आळ येतो काट्यावरच्या एका साध्या कामगारावर. मग मुनिमाचा खून होतो. शेवटी कळतं, की मशीनमध्ये गडबड करणारा आणि खून करणारा एकच, ज्याने सगळ्यात आधी त्या कामगाराकडे बोट दाखवलं तो झुपकेदार मिशांचा शेतकरी.

मिशा मी मुद्दाम लिहिल्या होत्या. त्या माझ्या चंपतमामाच्या आहेत. आणि तो साधा कामगार म्हणजे माझे बाबा.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही बेल्याला राहायचो. बाबा तिथल्या एका जिनिंगच्या काट्यावर होते. भरलेली बंडी बैलांसकट लोखंडी प्लेटवर घ्यायची, वजन करायचं. कापूस उतरवला की रिकामी बंडी पुन्हा प्लेटवर. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. आत केबिनमध्ये मुनीम आकडे लिहायचा आणि बाहेर बाबा बंडी सरळ लावून त्याला हात दाखवायचे. आईच्या सख्ख्या भावाने, चंपतमामाने, एकदा लहान-मोठ्या बंड्यांतला कापूस घरूनच मोजून नेला आणि भर गावात सांगितलं की दर बंडीमागे साठ किलो गायब होतात आणि त्यात नागोरावचा, म्हणजे बाबांचा, हात आहे.

बाबांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लेकीची शपथ. मशीन खराब असल, माहा हात नाई." मी नऊ वर्षांची होते. तो हात मला अजून आठवतो, जड आणि गरम. तरी काम गेलंच. आम्ही मावल्याला आलो. आईने भावाशी बोलणं तोडलं. अकरा दिवाळ्या तिने भाऊबीज केली नाही, त्या दिवशी ती मुद्दाम कपडे धुवायला काढायची. दोन वर्षांपूर्वी मामाचा फोन आला होता तेव्हा मीच उचलला. त्याला खोटारडा म्हणाले आणि ठेवून दिला. फार बरं वाटलं होतं.

ही फिल्म मला बेल्याच्या पारावर पडदा लावून दाखवायची होती. बक्षीस गेलं खड्ड्यात. मामाने पहिल्या रांगेत बसून बघावं, एवढंच मला हवं होतं.

"काय जमून नाई राह्यलं?" मी विचारलं.

"मशीनमदी खोट असल तं मोठ्या बंडीत जास्त फरक पडल, लहानीत कमी. तुह्या कथेत सगळ्या बंड्यांत साठच किलो कमी. असं कसं?"

"कारण खरंच तसं झालं होतं."

"मग मशीन नसल ना."

मला राग आला. राग मला लवकर येतो, पण या वेळी उत्तर सुचत नव्हतं म्हणून जास्त आला. "माझ्या बाबांनाच विचारू. त्यांच्याएवढं काट्यातलं तुझ्या सात पिढ्यांना कळणार नाही," मी म्हणाले आणि त्यांना बोलावलं.

बाबा खुशीतच आले. आपल्यावर फिल्म निघते आहे याचा त्यांना भारी आनंद होता. हर्षदीपने अंगणात खडूने मोठा चौकोन आखला, तो काटा. त्यावर बंडी म्हणून शेजाऱ्यांचा हातगाडा लावला. मी समोर, चौकोनाच्या बाहेर, कासरा धरलेली शेतकरी. विनय मागून मोबाईलवर घेत होता.

"काका, तुमी जसं रोज करत होते तसंच करा," हर्षदीप म्हणाला. "अॅक्टिंग नको."

"भरेल बंडी," बाबा म्हणाले. त्यांनी गाडा सरळ केला, चौकोनाच्या बाहेर दोन पावलं सरकले आणि हात वर केला. "घ्या मुनीमजी."

मग आम्ही कापूस उतरवल्याचं नाटक केलं.

"आता रिकामी." बाबांनी पुन्हा गाडा लावला. या वेळी ते मागे गेले. हातगाड्यामुळे मला ते कमरेच्या वरचेच दिसत होते. त्यांनी हात वर केला. "घ्या मुनीमजी." आवाज अगदी सहज होता.

विनयने मोबाईल खाली घेतला. हर्षदीप त्यांच्या पायांकडे बघत होता. मी कासरा सोडून मागे गेले.

बाबा चौकोनाच्या आत उभे होते. दोन्ही पाय चाकाच्या आड जुळवलेले. समोर बैल धरून उभ्या शेतकऱ्याला ते कधीच दिसले नसते. रिकाम्या बंडीत एक माणूस मोजला गेला, की तेवढाच कापूस कमी भरतो. बंडी मोठी असो की लहान. बाबांचं वजन मला माहीत आहे. सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीवर दर वेळी साठच लिहिलेलं असतं.

"जमलं का?" बाबांनी हसून विचारलं.

"बाबा, तुमी आत काऊन उभे राह्यले?"

त्यांनी खाली पाहिलं. मग पाय उचलून ते हळूच रेघेबाहेर आले, जणू अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"सिनेमासाठी करून दाखवलं, माय."

"कोणी सांगतलं होतं?"

हर्षदीपला भोक सापडलं होतं आणि पहिल्यांदाच त्याला त्याचा आनंद झाला नव्हता. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. मामाच्या मिशा, त्याच्या माथी मारलेला खून, फोनवर मी बोललेले ते शब्द, सगळं मी या माणसाच्या एका हातावर विश्वास ठेवून लिहिलं होतं. आणि तो हात डोक्यावर ठेवताना त्याला माहीत होतं.

बाबा माझ्याकडे आले. "लेकीची शपथ, नीलिमा..." त्यांनी हात उचलला. मी मागे सरकले. हात तसाच राहिला.

आई केव्हाची चहा घेऊन दारात उभी होती. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि विनयजवळ गेली. "ते मोबाईलमदलं मले दाखव." तिने ते दोनदा पाहिलं. बाबांकडे पाहिलं नाही.

मग मला म्हणाली, "बेल्याची बस किती वाजता राह्यते?"